जुन्या सफारीला एटी काढून साधे रोड टायर टाकले, एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी सफारी २.२ डायकोर फोर बाय फोर, २०१० ची, टायर साइज २३५/७० आर १६. आधी एटी होते, म्हणजे ऑल टेरेन, मोठे ठोकळे असलेले. का टाकले होते विचाराल तर खरं सांगतो, दिसायला भारी दिसतात म्हणून. नंतर लक्षात आलं की आपली गाडी शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर डांबरावरच असते, पुणे ते ताम्हिणी ते माणगाव ते म्हाप्रळ, पुढे मंडणगड करत गावी, आणि खरा कच्चा रस्ता म्हणाल तर घराच्या आधीचा जांभ्या मातीचा दीड किलोमीटर. तेवढ्यासाठी वर्षभर घुंऽऽ असा आवाज ऐकायचा आणि स्टेअरिंग जड ओढायचं. हिचं तर म्हणणं होतं की टायर आहेत की पिठाची गिरणी. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात एचटी टाकले, हायवेचे.

आता ‘ऑल सीझन’बद्दल. दुकानात गेलो की हा शब्द ऐकवतातच, पण तो मुळात थंड देशातला, तिकडे उन्हाळ्याचे वेगळे आणि बर्फाचे वेगळे टायर असतात आणि दोन्हीचं काम बरं-वाईट चालवून नेणारा तो ऑल सीझन. टायरवर एम प्लस एस लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मड आणि स्नो, पण तो कंपनीचा स्वतःचा दावा, डोंगर आणि हिमकणाचं चित्र असेल तरच बर्फावर चाचणी झालेली. आपल्याला दोन्हीशी काही घेणंदेणं नाही. आपले सीझन दोनच, मे मधलं तापलेलं डांबर आणि जून ते सप्टेंबरचा घाट. त्यामुळे मी बर्फाचं चित्र सोडून गोल फिरत जाणारे खोल चर बघितले, पाणी बाहेर फेकायचं काम तेच करतात.

दुकानाचं नाव नको, माणूस वाईट नव्हता पण पहिलंच वाक्य काय, तर साहेब मागचे दोनच बदला, पुढच्यांना नक्षी आहे अजून. टू व्हील ड्राइव्ह गाडीला एकवेळ चालेल पण आपल्या गाडीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही हो, फोर एचला, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडला, टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. नव्या टायरची नक्षी समजा ८ मिमी आणि जुन्याची ३, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला घेरात ३१ मिमीचा फरक, चिखलात ते घसरून निभावतं पण कडक रस्त्यावर तो सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, जातो आणि पंधरा वर्षांच्या गाडीची ट्रान्सफर केस उघडायची म्हणजे टायरचे पैसे परवडले म्हणायची वेळ. त्यामुळे चारही, आणि जमलं तर मागच्या दारावरची स्टेपनीसुद्धा. माझी स्टेपनी तर २०१० चीच निघाली, नक्षी कोरी करकरीत पण रबर वाळून चिरा पडलेल्या.

तारीख बघायची म्हणजे बघायचीच. डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे, ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. माझ्यासमोर आणलेल्या पाचातले दोन टायर दीड वर्ष जुने होते, परत पाठवले, दोन दिवस थांबलो. लोड इंडेक्सही बघा, १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो, दोन टनांच्या गाडीला त्याच्या खाली उतरायचं नाही. २४५ टाका दिसायला रुंद असंही सुचवलं, नको म्हटलं. नायट्रोजनचा आग्रह झाला, तोही नको, साधी हवा दर पंधरा दिवसांनी तपासली तरी पुष्कळ. ब्रँड विचारू नका, नाव घेतलं की कुस्ती लागते. एकेक साधारण साडेनऊ हजाराला पडला आणि मग २२ सप्टेंबर २०२५ ला टायरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, घ्या.

आता चालवून कसं वाटलं. आवाज गेला, हे पहिलं. घाटात ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबते, एटीवर जी थोडी सरकायची ती सरकत नाही. डिझेल किंचित कमी लागतंय असं वाटतं पण मी मोजलेलं नाही. जांभ्याच्या चढावर मात्र खरं बोलायचं तर माघार आहे, जुलैत लाल चिखल नक्षीत असा भरला की चारी चाकं गोटा, फोर एल, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर, टाकून हळूहळू निघालो, आणि एकदा तर निघालोच नाही, काकांचा पॉवर टिलर बांधावर उभा होता पण त्याच्याने काय होणार, शेवटी नारळाच्या झावळ्या टाकून मागे घेतली आणि गाडी खालीच शेजारच्या अंगणात लावली. वर्षातून दोन-चार वेळा हे होणार, मला मंजूर आहे. तुमचं घरच तसल्या चढावर असेल तर माझं ऐकू नका, एटीच घ्या.