हरवलेला पूर्वज: कागद धुंडाळायचे की डीएनए चाचणी करायची?

वंशावळ खापरपणजोबांपाशी अडली, की आधी ठरवा: तुम्हाला नाव हवंय की नातं? कागद नाव, गाव, तारीख सांगतो; पण नोंदीतला बाप रक्ताचा होता का, हे त्याला ठाऊक नसतं. चाचणी नातं दाखवते, पूर्वजाचं नाव सांगत नाही.

कागदात माणूस हरवतो तो बहुधा साध्या कारणांनी. लिहिणाऱ्याने नाव कानाने ऐकून लिहिलं, म्हणून एकाच माणसाची तीन रूपं. वय अंदाजाने, पाच-दहाच्या पटीत. मृत्यूनोंदीतली माहिती तर दुसऱ्यानेच दिलेली, त्यामुळे तिच्यातल्या वयावरून काढलेलं जन्मवर्ष कच्चंच धरा. शोधताना मागेपुढे 5 वर्षं सोडा. तरीही सापडेना, तर त्याची भावंडं, लग्नाचे साक्षीदार आणि शेजारी शोधा. माणसं एकेकटी क्वचितच स्थलांतर करतात.

सगळ्यात महागात पडते ती एकाच गावातल्या नामसाधर्म्याची चूक. दोघांचे जोडीदार, मुलं, धंदा, पत्ता शेजारशेजारच्या रकान्यांत वर्षवार मांडा. ‘आपला’ माणूस एकाच वर्षी दोन घरांत राहताना दिसला, तर तुम्ही दोन आयुष्यं एकत्र शिवली आहेत. इंटरनेटवरचे तयार वंशवृक्ष अशाच चुकांनी भरलेले असतात. सुगावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

चाचण्या तीन प्रकारच्या, आणि चुकीची निवडली तर पैसे वाया. वाय-डीएनए फक्त बाप-मुलगा-नातू अशा सलग पुरुषरेषेचा. आईच्या वडिलांचं घराणं शोधायचं तर स्वतःचा नमुना कामाचा नाही, सख्ख्या मामाचा किंवा त्याच्या मुलाचा हवा. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच देतात. तो इतका सावकाश बदलतो, की जुळला तरी समान पूर्वज हजारो वर्षांपूर्वीची असू शकते.

अडलेल्या वंशावळीला बहुधा उपयोगी पडते ती ऑटोसोमल चाचणी (लिंग ठरवणारी सोडून बाकीच्या गुणसूत्रांची), कारण ती सगळ्या शाखा धरते. मात्र दर पिढीला वाटा निम्मा होतो: आजोबांचा सरासरी 25 टक्के, पणजोबांचा 12.5, खापरपणजोबांचा 6.25. पणजोबा समान असलेली भावंडं जवळजवळ नेहमीच जुळतात. खापरपणजोबा समान असतील तर दहातलं एखादं जुळत नाही, आणि आणखी एक पिढी मागे गेलात तर साधारण निम्मीच जुळतात. म्हणजे न जुळणं हा नातं नसल्याचा पुरावा नव्हे. 7 सेंटिमॉर्गनहून (डीएनएच्या तुकड्याची लांबी सांगणारं एकक) छोटे तुकडे पुष्कळदा योगायोगाने जुळतात, त्यांच्यामागे लागू नका. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं झालेल्या समाजात उलटं होतं: लांबचं नातं जवळचं भासतं.

कागद अजून पुरते चाळले नसतील तर तिथूनच सुरुवात करा. पणजोबांपर्यंतची झाडाची फांदी कोरी असताना चाचणी केलीत, तर डीएनए जुळलेल्या अनोळखी माणसांची यादी हाती येईल आणि त्यांना टांगायला जागा नसेल. अपवाद दोन. दत्तकविधान किंवा अज्ञात पिता असेल, तर चाचणी आधी. घरात नव्वदीची आजी किंवा काका असतील, तर त्यांचाही नमुना आत्ताच घ्या. ते एक-दोन पिढ्या मागे असल्याने पूर्वजाचा वाटा तुमच्या दुप्पट-चौपट असतो. ती पिढी गेली असेल, तर दोन सख्ख्या भावंडांची चाचणी करा: एकाकडे आई-वडिलांचा निम्मा डीएनए, दोघांकडे मिळून सुमारे 75 टक्के.

नमुना देणाऱ्याला आधीच सांगा, की अनोळखी सावत्र भावंड निघू शकतं. ते ऐकून नको म्हणाले, तर विषय सोडा आणि नोंदवह्यांकडे वळा.