सुदानी फ्रॉम नायजेरिया: टीम सांभाळणाऱ्यांनी तर बघाच

मागच्या रविवारी मंडळाच्या खोलीत प्रोजेक्टर लावून टीममधल्या पोरांना सुदानी फ्रॉम नायजेरिया दाखवला. 2018 चा मल्याळम पिक्चर, डायरेक्टर झकरिया मोहम्मद. माझी तिसरी वेळ. मी वडाळ्यात रिंक फुटबॉलची (छोट्या ग्राउंडवर, कमी प्लेअर घेऊन खेळतात ते) छोटी टीम सांभाळतो, म्हणजे जर्सी, एन्ट्री फी, वडापाव, पोरांच्या घरच्यांची समजूत काढणं, सगळं आलं त्यात, त्यामुळे मी हा पिक्चर त्याच नजरेने बघतो.

गोष्ट केरळातल्या मलप्पुरमची. तिकडे सेव्हन्स फुटबॉल जोरात चालतं, सात-सात जणांची टीम, छोटं ग्राउंड, बाजूने तात्पुरत्या बांधलेल्या गॅलऱ्या, रात्री लाइट लावून मॅच, पब्लिक तिकीट काढून येते आणि टीमवाले थेट आफ्रिकेतून प्लेअर आणतात. मजीद (सौबिन शाहीर) अशाच एका टीमचा मॅनेजर, खिशात दमडी नाही पण टीम चालली पाहिजे. त्याचा स्टार प्लेअर सॅम्युअल खरा नायजेरियाचा, पण तिथल्या लोकांना आफ्रिकेतला प्रत्येक जण सुदानीच, म्हणून हा झाला सुदू. त्याचा पाय मोडतो, हॉस्पिटलचा खर्च झेपत नाही आणि मजीद त्याला सरळ आपल्या घरी घेऊन येतो.

इथून पुढे मॅच कमी आणि घर जास्त, शेवटच्या मिनिटाला गोल बघायला बसणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. पण जीव तिथेच आहे. मजीदची आई आणि शेजारची बीयुम्मा, दोघी सॅम्युअलशी बिनधास्त मल्याळममध्ये बोलतात, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, एकमेकांचा शब्द कळत नाही तरी खाणं-पिणं, औषध, विचारपूस सगळं व्यवस्थित चालू. ही कामं करणाऱ्या सावित्री श्रीधरन आणि सरसा बालुसेरी, दोघींना केरळचं स्टेट अवॉर्ड मिळालं, सौबिनलाही बेस्ट अ‍ॅक्टरचं (जयसूर्यासोबत विभागून), आणि पिक्चरला मल्याळममधला नॅशनल अवॉर्ड. मला विचाराल तर त्या दोघींना अजून काहीतरी द्यायला हवं होतं.

माझ्या काळजाला हात घातला तो बिलाच्या भागाने. दोन वर्षांपूर्वी आमच्या विंगरचा (कडेने खेळणाऱ्या प्लेअरचा) घोटा एका स्पर्धेत मोडला, आयोजकांनी हात वर केले, मी रात्री साडेअकराला हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा राहून एकेकाला फोन लावत होतो, कोणी पाचशे कोणी हजार. मजीदच्या चेहऱ्यावर तेच दिसतं, की पोरगं आपल्या भरवशावर खेळायला आलं होतं.

खटकलं ते एवढंच की सेकंड हाफमध्ये सॅम्युअलच्या पासपोर्टचं प्रकरण जरा लांबतं, आणि सबटायटलमध्ये मलप्पुरमच्या बोलीची गंमत सगळी उतरत नाही, टीममधला आमचा मल्याळी पोरगा आमच्या आधी हसायचा आणि मग आम्हाला समजावून सांगायचा. मजीदचं सावत्र बापाशी धड बोलणं नाही, तो भाग मात्र नीट लक्ष देऊन बघा, तिथे फार कमी शब्दांत खूप काही होतं.

पिक्चर संपल्यावर पोरं नेहमीसारखी धावत बाहेर पळाली नाहीत. तोच विंगर खुर्च्या उचलता उचलता म्हणाला, दादा, आईला दाखवायचाय, तेव्हा महिनाभर तिनेच मला उचलून बसवलंय. या रविवारी परत लावतोय, पोरांच्या आयांना बोलावलंय.