भोसरीतून घेतलेली जुनी लाकडी पॅलेट : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

भोसरी एमआयडीसीत आमचे रबरी सुट्या भागांचे छोटे युनिट आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात जवळच्याच एका पुरवठादाराकडून दुरुस्त केलेली ४० जुनी लाकडी पॅलेट (माल रचून एकत्र उचलण्यासाठीच्या फळ्यांच्या बैठकी) आम्ही प्रत्येकी ४५० रुपयांना घेतली. माप १२०० बाय १००० मिलिमीटर, उंची साधारण १५ सेंटिमीटर आणि चारही बाजूंनी फोर्क, म्हणजे उचलणाऱ्या यंत्राचे पुढचे लांब काटे, घालता येईल अशी बांधणी. पूर्वी एक गाडी भरायला तीन माणसांना दीड तास लागत असे. पॅलेटवर रचून ठेवलेला तोच माल शेजाऱ्यांची फोर्कलिफ्ट तासाभाड्याने घेऊन वीस मिनिटांत गाडीत जाऊ लागला. हा फायदा खरा आहे, आणि तेवढ्याच भरवशावर आम्ही ४० नग घेऊन बसलो.

पहिला धक्का गाडीने दिला. आमच्या नेहमीच्या चौदा फुटी गाडीची आतली रुंदी सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर आहे. या मापाची दोन पॅलेट तीत शेजारीशेजारी कशीही फिरवली तरी बसत नाहीत, त्यामुळे एकामागे एक अशी चारच बसतात आणि त्यांच्या कडेने दोन फुटांची लांबलचक पट्टी रिकामी राहते. त्या पट्टीत सुटी खोकी हातानेच भरावी लागतात. न भरल्यास तेवढ्या हवेचे भाडे वाहतूकदाराला द्यावे लागते. खरेदीपूर्वी गाडीत टेप धरून पाहण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही, यात पुरवठादाराचा काहीच दोष नाही.

दुसरी अडचण माल उतरतो तिथली. वाघोलीच्या ज्या गोदामात आमचा निम्मा माल जातो, तिथे ना गाडीच्या उंचीचा माल उतरवायचा धक्का आहे ना फोर्कलिफ्ट. हमाल पॅलेटवरची खोकी एकेक करून डोक्यावर घेतात, वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली, पूर्वीइतकीच द्यावी लागते आणि रिकामे पॅलेट तिथेच भिंतीला टेकून राहते. ते परत आणायचे तर दहा पॅलेटची चवड पाच फूट उंच होते, आणि तिच्यासाठी वेगळी गाडी करावी तर भाड्याच्या हिशेबात काही फेऱ्यांतच पॅलेटची किंमत निघून जाते. वर्षाअखेरीस ४० पैकी २३ हाती राहिली. त्यांतली सहा तर आमची नव्हतीच. आमची धड पॅलेट कुठेतरी राहिली आणि त्यांच्या बदल्यात ही मोडकी आली.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. तक्रार आहे ती तळाच्या फळ्यांबाबत. हँड पॅलेट ट्रक (पॅलेट उचलून हाताने ओढायची छोटी गाडी) आत घालून तिचा दांडा मारला, की फोर्कच्या टोकाची छोटी चाके खाली उतरून जमिनीला टेकली पाहिजेत. आमच्या बऱ्याच पॅलेटमध्ये दुरुस्ती करणाऱ्याने तळाची फळी नेमकी त्या चाकांच्या जागी ठोकलेली आहे. चाक फळीला खाली रेटते, ट्रक वरच्या भागाला उचलतो आणि कडकन आवाज होऊन फळी खिळ्यांसकट निघते. तोच उभा खिळा पुढच्या फेरीत खालच्या थरातल्या खोक्यात शिरतो. जुलैत आणखी एक प्रकार दिसला. एका सकाळी कोपऱ्यातले पॅलेट हलवले, तर फळ्यांवर हिरवट बुरशी होती आणि खालच्या थरातली खोकी हाताला दमट लागत होती. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते. कोपरा दमट झाला किंवा दोन फळ्यांमधल्या फटीवर आला, की वरचा अख्खा थर एका बाजूला कलतो. आमची दोन पॅलेट अशीच उलगडून पुन्हा रचावी लागली.

निर्यातीसाठी ही पॅलेट आम्ही वापरलीच नाहीत. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅकिंगला आयएसपीएम-१५ हा, लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहावे लागते आणि त्यानंतर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारला जातो. आमच्या काही नगांवर जुना शिक्का होता, पण शेजारी कोरी फळी ठोकलेली होती, आणि प्रक्रिया न केलेली फळी बसली की त्या शिक्क्याला अर्थ राहत नाही. पुरवठादाराने विकताना हे सांगायला हवे होते. शिवाय वीस फुटी कंटेनरच्या तळावर या मापाची दहाच पॅलेट बसतात आणि दोन थर केले तर ३० सेंटिमीटर उंची नुसत्या लाकडात जाते.

प्लॅस्टिकची पॅलेटही पाहून आलो. त्यांना बुरशी नाही, खिळे नाहीत, पण किंमत कित्येक पट आहे, आणि विक्रेता भारक्षमतेचा जो मोठा आकडा आधी सांगतो तो जमिनीवर ठेवलेल्या पॅलेटचा असतो. फोर्कवर उचललेल्या पॅलेटचा आकडा त्याहून कमी आणि दोन टोकांवर रॅकमध्ये ठेवलेल्याचा सर्वांत कमी असतो. तो वेगळा विचारावा लागतो.

पुरवठादाराला पाचपैकी तीन गुण देतो : माल वेळेवर आला, मोजून आला, आणि तुटलेली चार पॅलेट त्याने कुरकुर न करता बदलून दिली. उरलेली २३ आता गोदामाच्या दाराबाहेर जात नाहीत. प्रत्येकाच्या बाजूवर रंगाने तसे लिहून ठेवले आहे, आणि वाघोलीची गाडी आम्ही पुन्हा खोक्यांनीच भरतो.