रनडिस्नेचा कुठला वीकेंड निवडावा?

रनडिस्ने म्हणजे डिस्नेच्या पार्कांमध्ये होणाऱ्या धावण्याच्या शर्यती. त्यातली एखादी ठरवताना बहुतेक जण आधी पदक बघतात, मग त्या वर्षीची थीम. पहाटेचा विचार होतो तो विमानाचं तिकीट काढून झाल्यावर. आम्ही मात्र आधी पहाटा मोजायला सांगू. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये शर्यत पहाटे पाचला सुटते. त्यासाठी साडेतीन-चारच्या सुमारास एपकॉट या तिथल्या पार्कच्या पार्किंगमध्ये हजर राहायचं आणि तिथून सुरुवातीच्या रेषेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालायचं. म्हणजे उठायचं अडीचला. वीकेंडमध्ये जितक्या शर्यती घ्याल तितक्या वेळा अडीचला उठणं आलं, आणि आदल्या दिवशी पार्कमधून संध्याकाळीच परतणं आलं. पार्कची तिकिटं शर्यतीच्या शुल्कात नसतात, ती वेगळी काढावी लागतात. त्यामुळे रात्रीची आतषबाजी बघायचीच असेल तर ती शर्यती संपल्यावरच्या रात्रीसाठी ठेवा.

या हिशेबात डोपी चॅलेंज सगळ्यात महाग पडतं. जानेवारीतल्या मॅरेथॉन वीकेंडला गुरुवारी ५ के, शुक्रवारी १० के, शनिवारी हाफ आणि रविवारी पूर्ण मॅरेथॉन, मिळून ४८.६ मैल, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटर. प्रवेशशुल्कच ६०० डॉलरच्या पुढे जातं. एवढं अंतर सरावाने जमतं, पण सलग चार रात्री चार-पाच तासांच्या झोपेची तयारी कुठल्याच सराव-वेळापत्रकात नसते. रविवारी पस्तिसाव्या किलोमीटरला पाय थांबतात, त्यात या अपुऱ्या झोपेचाही वाटा असतो. सराव करताना आठवड्यातून एकदा तरी लागोपाठ दोन दिवस पहाटे उठून धावा. दुसऱ्या दिवशी शरीर काय म्हणतं ते तिथेच कळेल. फक्त शनिवार-रविवारचं गूफी चॅलेंज ३९.३ मैलांचं असतं. अंतर फारसं कमी नाही, पण झोप दोनच रात्रींची जाते. दोन्हींत निवड करायची तर आम्ही गूफीला झुकतं माप देऊ.

पूर्ण मॅरेथॉन धावायची असेल तर जानेवारीला पर्याय नाही. ही शर्यत १९९४ पासून होते, आणि चारही पार्क एकाच दिवशी पायाखाली येतात ते इथेच. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी: ४२ किलोमीटरचा मोठा भाग पार्कमध्ये नसून पार्कांना जोडणाऱ्या रुंद रस्त्यांवर आणि उतार-चढावाच्या रॅम्पवर जातो. रॅम्प एका बाजूला कललेले असतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जुनं दुखणं असेल तर वळणावर सपाट कडा शोधून धावा. जानेवारीतलं ऑर्लँडो पहाटे कडाक्याचं थंड असू शकतं किंवा थेट दमट उकाड्याचं. दोन्हींचे कपडे न्यावेत. २०१७ मध्ये विजांमुळे हाफ मॅरेथॉन रद्दच करावी लागली होती. ॲनिमल किंगडममध्ये पोचेपर्यंत पार्क उघडलेलं असेल तर शर्यतीच्या मधेच एक्सपेडिशन एव्हरेस्ट या रोलर कोस्टरमध्ये बसून येणारे धावपटू दरवर्षी दिसतात. असं दुसऱ्या कुठल्या मॅरेथॉनमध्ये करता येईल?

पहिल्यांदाच जाणाऱ्याला आम्ही फेब्रुवारीचा प्रिन्सेस वीकेंड सुचवू. हवा साधारण बरी असते आणि हाफचा मार्ग समजायला सोपा: एपकॉटजवळून निघायचं, वर्ल्ड ड्राइव्ह या रस्त्याने मॅजिक किंगडम पार्क गाठायचं, सिंड्रेलाच्या किल्ल्यातून आरपार जायचं आणि परत यायचं. बहुसंख्य स्पर्धक स्त्रिया असतात, पण पुरुषांनाही प्रवेश आहे आणि ते धावतातही. इथली अडचण वेगळी आहे. मॅजिक किंगडममधून बाहेर पडल्यावर ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलच्या बाजूचा रस्ता अरुंद होतो आणि, धावपटूंना गटागटाने सोडत असल्याने, मधल्या गटांची तिथे कोंडी होते. वेळ नोंदवायची इच्छा असेल तर या टप्प्याच्या आधी थोडी आघाडी घ्या. ओलांडून जाण्याच्या नादात गवतावर उतरू नका, अंधारात घोटा मुरगळतो. फेब्रुवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून पुढच्या गटांना किल्ला दिव्यांत दिसतो आणि मागच्यांना उजेडात.

आपला गट कुठला, हे तुम्ही दिलेल्या आधीच्या शर्यतीच्या वेळेवर ठरतं. वेळेचा पुरावा दिला नाही तर मागचा गट मिळतो, आणि त्याची किंमत मोठी असते. किमान वेग मैलाला १६ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला जेमतेम दहा मिनिटं. या हिशेबाने हाफला साडेतीन तास आणि पूर्ण मॅरेथॉनला सात तास मिळतात. सगळ्यात शेवटी निघून नेमक्या याच वेगाने चालणाऱ्या स्त्रियांना सगळे बलून लेडीज म्हणतात. त्यांच्या मागे पडलात तर बसमध्ये बसवतात. पहिला गट सुटल्यापासून शेवटचा सुटेपर्यंत बराच वेळ जातो, कधी तासभर. पुढे असाल तर तेवढी उसंत हातात असते. मिकीबरोबर फोटोच्या रांगेत दहा मिनिटं सहज जातात. शेवटच्या गटात असलात तर ती दहा मिनिटं पुढच्या प्रत्येक मैलातून वसूल करावी लागतात. म्हणून नोंदणीच्या आधी एखादी प्रमाणित शर्यत जोर लावून धावून घ्या. नियमांत कुठलं अंतर मान्य आहे ते आधी वाचून.

वाइन अँड डाइन वीकेंड ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो. पूर्वी ही हाफ रात्रीची असे, २०१६ पासून पहाटेची झाली. एपकॉटचा खाद्यमहोत्सव चालू असतो आणि शर्यतीनंतरची रात्रीची पार्टी हे मुख्य आकर्षण. मात्र तेव्हा फ्लोरिडात दमटपणा टिकून असतो आणि चक्रीवादळाचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. विमान आणि हॉटेल बदलता येण्याजोगं घ्या, कारण शर्यतीचं शुल्क परत मिळत नाही आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. काही वर्षी हाफच्याच रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि झोपेला तासभर जास्त मिळतो. तारखा बघताना हे तपासा.

एप्रिलच्या स्प्रिंगटाइम सरप्राइजमध्ये हाफ नसते, १० मैलांची शर्यत असते. हाफची भीती वाटणाऱ्याला किंवा मुलांबरोबर जाणाऱ्याला चांगलं. वेळेची मर्यादा २ तास ४० मिनिटं. एप्रिलचं ऊन सकाळी आठलाच तापतं.

आता कॅलिफोर्निया. अनाहाइमच्या डिस्नेलँडमधली हाफ २०१७ नंतर बंद पडली होती, ती २०२४ च्या जानेवारीत परतली. ज्यांना पहाटेचा जाच नको, त्यांनी इकडे बघावं. दोन्ही पार्क शेजारी-शेजारी आहेत, आणि हार्बर बुलेव्हार्डवरच्या हॉटेलातून सुरुवातीच्या रेषेपर्यंत चालत जाता येतं. फ्लोरिडातलं बस, रस्ते बंद आणि लांब चाल हे सगळं टळतं. घड्याळही मदत करतं: पूर्व किनाऱ्याहून येणाऱ्याच्या शरीराला अनाहाइमचे पहाटेचे पाच म्हणजे सकाळचे आठ. याउलट पश्चिमेहून फ्लोरिडात गेल्यावर तेच पाच म्हणजे रात्रीचे दोन. कमतरता एकच. पार्कचा भाग सुरुवातीलाच उरकतो आणि पुढचे बरेच मैल अनाहाइमच्या साध्या रस्त्यांवर जातात. डंबो डबल डेअर, म्हणजे १० के आणि हाफ मिळून १९.३ मैल, दोन पहाटांत होतं. एकाच कॅलेंडर वर्षात फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे हाफ किंवा पूर्ण मॅरेथॉन केली तर कोस्ट टू कोस्टचं वेगळं पदक मिळतं. त्यासाठी जानेवारीतल्या दोन प्रवासांपेक्षा मध्ये काही महिने जातील अशी जोडी लावा.

नोंदणी अनेक महिने आधी ऑनलाइन उघडते. रांगेत नंबर लागतो आणि लोकप्रिय शर्यती त्याच दिवशी भरतात. हुकलात तर धर्मादाय संस्थांकडच्या किंवा प्रवासकंपन्यांकडच्या जागा राहतात, पण जास्त पैशांत. लहान मुलांसाठी ५ के आहे. वेशभूषा करा, मात्र जमिनीला घासणारा झगा आणि मोठ्यांनी चेहरा झाकणारा मुखवटा घालू नये.

बिब स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. शर्यतीच्या पहाटे तो मिळत नाही. फ्लोरिडात बिब जिथे देतात तो एक्स्पो ईएसपीएनच्या क्रीडासंकुलात असतो आणि जाण्या-येण्यात अर्धा दिवस मोडतो. शनिवारची शर्यत असेल तर गुरुवारी पोचा, म्हणजे विमान उशिरा आलं तरी शुक्रवार शिल्लक राहतो. आणि मॅरेथॉनच्या रविवारची रात्र हॉटेलात आधीच बुक करून ठेवा. खोली सोडायची वेळ सकाळी अकराची असते आणि शेवटच्या गटातले धावपटू तेव्हा अजून रस्त्यावरच असतात.