लॅमिंग्टन रोडवरचं मसल सिग्नल किट: वस्तू बरी, दुकानदाराचं विज्ञान अर्धंच

भाचीच्या बारावीच्या प्रोजेक्टसाठी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून हे स्नायूतला विजेचा सिग्नल स्क्रीनवर दाखवणारं किट घेतलं, साडेअठराशे रुपये, आत छोटा बोर्ड, तीन वायरी आणि चिकटवायचे जेल पॅड. घरी आणून तिच्या हाताला लावलं तर मूठ वळायच्या आधीच स्क्रीनवर नुसती जाड पट्टी आणि स्पीकरमधून घुंईऽऽ. दुकानात फोन केला तर भाऊ म्हणतो, "मॅडम, नर्व्ह सेलच मुळात नॉइझी असतात, ते बॉडीतनं येतंय."

आता गंमत अशी की अर्धं खरंय! मी क्लासमध्ये बायो शिकवते म्हणून गप्प बसवेना. पेशीच्या पडद्यातले आयन चॅनेल म्हणजे आयन (विद्युतभारित कण) आत-बाहेर सोडणारी प्रोटीनची दारं, उष्णतेच्या धक्क्यांनी ती कधी उघडतील कधी मिटतील काही नेम नाही, व्होल्टेज बदललं की फक्त उघडायची शक्यता कमीजास्त होते. हजारो चॅनेल असले की हिशोब जमतो, म्हणजे सकाळी दादरला नेमकं कोण उतरणार सांगता येत नाही पण गर्दी रोज तेवढीच. अ‍ॅक्सॉन (नर्व्ह सेलची लांब तार) मात्र ०.१ मायक्रोमीटरइतका बारीक असला तर एखादं सोडियम चॅनेल उगाच उघडलं तरी स्पाइक, म्हणजे विजेचा सिग्नल, सुटू शकतो.

पण अहो भाऊ, एका चॅनेलचा करंट पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या लाखकोटीव्या भागात असतो. तो पकडायला नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायूला काचेची अतिबारीक नळी लावली, १९७६ साली, तेव्हा कुठे उघड-मीट पायरीसारखी दिसली, आणि १९९१ला नोबेल मिळालं. कातडीवरच्या पॅडला ते कुठून दिसणार, तिथे स्नायूतंतूंचा एकत्र गलका तेवढा येतो.

आमची घुंई निघाली घरच्या लाइटची, ५० हर्ट्झ. लॅपटॉपचा चार्जर काढला, पंखा-ट्यूब बंद केली, तिसरी वायर स्नायूवरून काढून कोपराच्या हाडावर लावली (हे सोबतच्या कागदावर कुठेच नाही, एक स्टार तिथेच कापला) आणि पट्टी एकदम बारीक झाली. मग मूठ वळली की फर्रर्र, सोडली की शांत, भाची तासभर तेच करत बसली.

५ पैकी ३. घेणार असाल तर जेल पॅड दुकानातच उघडून बघा, आमच्या दहातले दोन सुकलेले निघाले.