गॉड ऑफ वॉर : नवख्याने आधी २०१८चा भाग घ्यावा की थेट 'रॅग्नारॉक'?

'गॉड ऑफ वॉर' ही व्हिडिओ गेमची मालिका याआधी कधी हातात घेतली नसेल आणि पैसे एकाच गेमपुरते असतील, तर २०१८चा 'गॉड ऑफ वॉर' घ्या. 'रॅग्नारॉक'चं कौतुक खोटं नाही. २०२२च्या द गेम अवॉर्ड्समध्ये कथा, अभिनय, संगीत, ध्वनी, सुलभता आणि ॲक्शन-ॲडव्हेंचर अशी सहा पारितोषिकं त्याने नेली. पण तो उत्तरार्ध आहे, आणि पूर्वार्ध तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच लिहिलेला आहे.

२०१८च्या भागाला मागचं काही लागत नाही. २००५पासून आलेले ग्रीक पुराणांवरचे जुने गेम खेळले नसले तरी अडत नाही. मालिकेचा नायक क्रेटॉस आता उत्तरेच्या बर्फाळ मुलखात राहतो. बायको नुकतीच गेली आहे. आपली रक्षा सर्वांत उंच शिखरावरून सोडावी, ही तिची शेवटची इच्छा. सोबत मुलगा अट्रेयस, ज्याच्याशी बापाचं आजवर धड बोलणंही झालेलं नाही. एवढं सगळं पहिल्या अर्ध्या तासात कळतं आणि पुढचा प्रवास त्यातूनच उलगडत जातो.

'रॅग्नारॉक' तीन वर्षांनंतर सुरू होतो. पहिल्याच प्रसंगात देवी फ्रेया बर्फातून धावणाऱ्या स्लेजवर झडप घालते. तिने आधी या दोघांसाठी काय केलं आणि मग काय गमावलं, हे माहीत असेल तर तो हल्ला बघवत नाही. माहीत नसेल तर ती फक्त एक चिडलेली बाई. मुख्य मेनूत मागच्या कथेचा सारांश दिलेला आहे, तो घटना सांगतो, नाती सांगू शकत नाही. दशावतारी नाटकाला मध्यरात्रीनंतर येऊन बसलं तर युद्ध भरपूर बघायला मिळतं, पण कोण कुणावर का उठलाय ते शेजाऱ्याला विचारावं लागतं, तसंच हे.

हातात काय येतं

नवख्याला खरा फरक जाणवतो तो लढाईत. २०१८च्या भागात सुरुवातीला एक कुऱ्हाड, एक ढाल आणि मुलाचे बाण, एवढंच. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर एल२ बटण धरून नेम घ्या, आर१ने कुऱ्हाड फेका, त्रिकोण दाबून परत बोलवा. परत येताना वाटेत जो असेल त्यालाही ती लागते. पायावर फेकली तर शत्रू अडखळून पडतो. आर२ने जोरात फेकली तर साधा ड्रॉगर, म्हणजे चालतं प्रेत, जागीच गोठतो. मग कुऱ्हाड त्याच्या अंगातच राहू द्यायची, बाकीच्यांकडे रिकाम्या हातांनी जायचं. मुठीच्या ठोशांनी शत्रूची भोवळीची पट्टी लवकर भरते, आणि ती भरली की आर३ने एका घावात काम संपतं. हे एवढं बोटांत बसायला चार-पाच तास जातात, आणि गेम तेवढा वेळ देतो. दुसरं मोठं हत्यार, केऑसची आगीची पाती, कथेच्या मध्यावर येतं. तोवर कुऱ्हाड अंगवळणी पडलेली असते.

'रॅग्नारॉक'मध्ये कुऱ्हाड आणि पाती दोन्ही पहिल्या मिनिटापासून हातात. त्यात त्रिकोण दाबून हत्यारात गारवा किंवा आग भरण्याचं नवं तंत्र, सुरुवातीच्या काही तासांत ढालींमधली निवड, आणि मध्यावर द्रौपनिर भाला. पहिल्या तासातच अस्वलाशी आणि मग मेघगर्जनेचा देव थॉर याच्याशी गाठ पडते. जुना खेळाडू खूश होतो. नवखा मात्र आर१ दाबत सुटतो आणि मार खातो.

मार कुठे बसतो, तेही सांगून ठेवतो, कारण दोन्ही भागांत चूक एकच होते. शत्रूचा घाव येताना रंगीत कडं दिसतं. पिवळं कडं म्हणजे ढाल नुसती धरून ठेवली तर तोल जाईल. शेवटच्या क्षणी एल१ दाबून घाव परतवा किंवा बाजूला व्हा. लाल कडं म्हणजे ढालीचा उपयोगच नाही, उडी मारून सुटा. 'रॅग्नारॉक'मध्ये याला निळ्या कड्याची भर पडते. ते दिसलं की एल१ दोनदा दाबून ढालीने आदळायचं, नाहीतर शत्रूचा मोठा वार पूर्ण होतो. गर्दीत हे तीन रंग ओळखून तीन वेगळ्या हालचाली करणं नवख्याला जड जातं. थेट 'रॅग्नारॉक'च घेणार असाल तर निवड येईल तेव्हा स्टोनवॉल ढाल घ्या. तिने घाव परतवता येत नाही, पण ती मार पचवते आणि साठलेला जोर एकदम बाहेर सोडते. डॉन्टलेस ढाल अचूक वेळ साधणाऱ्यासाठी आहे.

२०१८च्या भागात नवखे दोन ठिकाणी हमखास अडकतात. पहिलं, अंगावर बर्फ असलेले हेल-वॉकर. त्यांच्यावर कुऱ्हाडीचा गारवा चालत नाही. पाती मिळेपर्यंत मुठी आणि बाण वापरा. दुसरं, विष फेकत गायब होणारी रेव्हेनंट. तिच्या मागे धावू नका. चौकोन दाबून अट्रेयसला बाण मारायला लावा, ती थबकली की घाव घाला. आणि ज्याची पट्टी जांभळी दिसते त्याच्या वाटेला जाऊच नका. तुमची पातळी कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. चिलखत सुधारून परत या.

अडचणीची पातळी निवडताना सांभाळा. २०१८च्या भागात 'गिव्ह मी गॉड ऑफ वॉर' ही सर्वांत कठीण पातळी एकदा निवडली की मध्येच बदलता येत नाही, नवा गेम सुरू करावा लागतो. 'बॅलन्स्ड' घ्या, फारच अडलात तर 'स्टोरी'वर आणा.

जिथे 'रॅग्नारॉक' सरस आहे

२०१८च्या भागाची उघड उणीव म्हणजे तेच ते ट्रोल, म्हणजे धिप्पाड राक्षस. अंगाचा रंग बदलतो, खांद्यावरचा दगडी खांब बदलतो, हालचाली मात्र जवळपास त्याच. 'रॅग्नारॉक'मध्ये मोठ्या लढती जास्त आणि खरोखर वेगवेगळ्या आहेत. उत्तरेच्या पुराणांतली नऊच्या नऊ विश्वं फिरायला मिळतात. पहिल्या भागात सहाच मिळत होती. त्यांपैकी वानाहाइममधला क्रेटर नावाचा प्रदेश तर न चुकवण्यासारखा आहे, आणि तो मुख्य वाटेवर नसल्याने बरेच जण तिथे पोचतही नाहीत. शिवाय डिसेंबर २०२३मध्ये आलेला 'वल्हाला' हा जोडभाग फुकट आहे.

सुलभतेच्या सोयी साठहून अधिक आहेत. मोठी अक्षरं, शत्रू आणि वस्तू ठळक रंगात दाखवणारी पद्धत, वस्तू आपोआप उचलणं, कोड्यांना जास्त वेळ. दृष्टी कमी असलेल्या किंवा बोटांना त्रास असलेल्या खेळाडूसाठी आमचा वरचा सल्ला बदलतो. त्याने 'रॅग्नारॉक'च घ्यावा आणि मागची कथा कुणा जाणत्याकडून ऐकावी.

उलट बाजूही आहे. सोबती फार बोलतात. पाणचक्कीवर कुऱ्हाड फेकून ती गोठवायची हे तुम्ही अजून बघतच असता, तेवढ्यात शेजारचा उत्तर सांगून मोकळा होतो. पहिल्या भागात तीन घंटा थोडक्या वेळात वाजवून पेटी उघडायची कोडी आहेत, ती बरीचशी तुमची तुम्ही सोडवता. अट्रेयस म्हणून खेळायचा आयर्नवूडचा भागही लांबतो. आधीच्या भागात त्या पोराशी जीव जडला असेल तर तो भाग गोड वाटतो, नसेल तर कंटाळा येतो.

कोकणातल्या घरात

इथे २०१८चं पारडं पुन्हा जड होतं. पीसीवर २०१८च्या भागाला ७० जीबी जागा लागते, 'रॅग्नारॉक'ला १९०. रत्नागिरी किंवा कुडाळात ४० एमबीपीएसचं फायबर नीट चालत असेल तर पहिला साधारण चार तासांत उतरतो, दुसऱ्याला साडेदहा तास लागतात. गावात फायबर नसेल आणि रोजचा २ जीबी मोबाइल डेटा हाच आधार असेल, तर एकाला ३५ दिवस आणि दुसऱ्याला ९५. अशा घरात कन्सोल आणि डिस्क हाच मार्ग. पीएस४वर 'रॅग्नारॉक' दोन डिस्कवर येतो: एक माहिती चढवायला, दुसरी खेळायला. जुनी डिस्क घेताना दोन्ही आहेत ना ते बघा. पीएस५ला वेगळा मिळणारा डिस्क ड्राइव्ह जोडणार असाल तर पहिल्यांदा एकदा इंटरनेट लागतंच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते काम होतं.

पीसी जुना असेल तर प्रश्नच मिटला. २०१८च्या भागाला किमान जीटीएक्स ९६० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम पुरते, साधी हार्ड डिस्क चालते. 'रॅग्नारॉक'ला किमान जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं, आणि एसएसडी हवीच.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा दोन्ही गेम आपोआप सेव्ह करत असले तरी धोका असतो तो सेव्ह होत असतानाच वीज जाण्याचा. म्हणून एकाच नोंदीवर विसंबू नका. लढाई संपली की विराम मेनूतून हाताने सेव्ह करा, दोन-तीन वेगळ्या नोंदी ठेवा. पीएस५ खेळताना साधारण २०० वॉट खातं, ४३ इंची एलईडी टीव्ही शंभरच्या आत. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, तो काही मिनिटं तग धरतो. तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करता येतं. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर वीज जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या क्षणात कन्सोल बंद पडतो. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, आणि राउटरची तारही काढा. वीज त्या वाटेनेही येते.

खारी हवा मालवण-देवगडकडे एचडीएमआयची तोंडं हिरवी करते. कन्सोल समुद्राकडच्या खिडकीत नको. पावसाळ्यात न खेळताही रोज थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे आतला दमटपणा जातो. कापड झाकायचं ते पूर्ण थंड झाल्यावरच. डिस्कवर बुरशीचे ठिपके आले तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका.

दोन्ही घेणार असाल तर

पहिल्या भागाची मुख्य कथा वीस-पंचवीस तासांची. सगळं गोळा करत बसायची गरज नाही. नऊ वाल्किरी, म्हणजे ऐच्छिक आणि फार कठीण लढती, राहिल्या तरी 'रॅग्नारॉक'मध्ये काही अडत नाही. त्या नवख्यासाठी नाहीतच. एक गोष्ट मात्र चुकवू नका. शेवटची नामावली येऊन गेली की गेम पुढे चालूच राहतो. मिडगार्डातल्या क्रेटॉसच्या घरी परत जा, आत शिरा आणि पलंगाशी जाऊन झोपण्याचं बटण दाबा. त्यानंतर एक छोटा प्रसंग येतो. अनेक जण नामावली बघून गेम बंद करतात आणि तो त्यांना कधी दिसतच नाही. 'रॅग्नारॉक'च्या पहिल्या तासात दारावर जी थाप पडते, तिचं मूळ त्या प्रसंगात आहे.