बकल लागलं की लेक उठते: बेबी कॅरियर सहा महिने वापरून

आधी किंमत सांगतो, कारण मी स्वतः कुठलाही रिव्ह्यू उघडला की पहिल्यांदा तीच शोधतो. २,८५० रुपये. लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीतल्या दुकानात, छापील ३,४९९ वरून खाली आणून. आणखी पन्नास सुटले असते, पण मागे उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "असू द्या हो, बाळाच्या वस्तूत किती ओढायचं," आणि दुकानदाराने तेवढ्यात पिशवीत घालूनही टाकलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घाटाचे दहा-बारा बाजारात मिळतील: कमरेला रुंद पट्टा, खांद्यांवर दोन जाड पट्टे, छातीशी बाळाला बसवायची कापडी झोळी, आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध एक छोटं आडवं बकल. त्या बकलाबद्दल मला पुढे बरंच बोलायचंय.

घेतलं का, तर आम्ही सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. बायकोचं सिझर झालेलं, त्यामुळे लेकीला घेऊन जिने चढ-उतार करायचं काम माझ्याकडे. ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढून प्रॅम दिली होती. ती मी एकदाच खाली नेली. सोसायटीच्या फाटकापासून मेडिकलपर्यंत दीडशे पावलं असतील. त्यात फुटपाथवर एक डीपी, दोन झाडं, पार्क केलेल्या स्कूटरी आणि एक उसाचं गुऱ्हाळ. शेवटी प्रॅम एका हातात आणि पोर दुसऱ्या हातात घेऊन परत आलो. सध्या प्रॅम गॅलरीत असते. तिच्यात कांदे-बटाटे चांगले राहतात, हवा खेळती असते.

लेकीची पहिली सफर मात्र कॅरियरशिवायच झाली. ऑक्टोबरचा जन्म. सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही असं दोन्ही घरांनी एकमताने ठरवलेलं, आणि हे लग्नानंतरचं पहिलंच एकमत होतं. त्यामुळे सहा आठवड्यांचं लसीकरण हीच बाहेरच्या जगाशी पहिली ओळख. झबलं, त्यावर स्वेटर, टोपरं, पायमोजे, दोन दुपटी, कपाळाला आणि तळपायाला तीट. एवढं बांधल्यावर आत बाळ आहे हे फक्त नाकावरून कळत होतं. रिक्षावाल्याने एकदा आरशात बघितलं आणि पुढचा प्रत्येक स्पीडब्रेकर असा काही ओलांडला की आपण बैलगाडीत आहोत असं वाटावं. मीटरपेक्षा वीस रुपये जास्त दिले तर घेतले नाहीत, म्हणाला, "मुलगीए ना? राहू द्या."

पोलिओचे आणि रोटाचे थेंब तिने मिटक्या मारत घेतले. मग मांडीत पेंटाव्हॅलंटची सुई (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, पाच जणांचा बंदोबस्त एका टोचणीत) आणि दुसऱ्या मांडीत न्यूमोनियाची. त्या वेळी माझ्या एका हातात पोर, दुसऱ्या हातात फाइल, खांद्याला बॅग आणि दातांत लसीकरणाचं कार्ड. त्याच संध्याकाळी ठरवलं, हात मोकळे हवेत.

आता मुद्द्याचं. खोक्यावर "३.५ ते १५ किलो" असं लिहिलेलं असतं, त्यावर फार विसंबू नका. आमची तेव्हा साडेचार किलोची होती, पण झोळीत ती गळ्यापर्यंत बुडायची. तान्ह्या बाळासाठी आत घालायची एक गादी वेगळी मिळते, सहाशे रुपये. हे दुकानात कोणी सांगत नाही, खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतं. घेणार असाल तर सरळ हिशेब ३,४५० चा धरा.

आधी दोन दिवस पाच किलो तांदळाच्या पिशवीवर सराव केला. पिशवीला टोपरं घालून घरभर फिरलो. बायकोने व्हिडिओ काढलाय, तो तिच्या माहेरच्या ग्रुपवर आहे. तांदूळ रडत नाहीत, त्यामुळे या सरावाचा पुढे शून्य उपयोग झाला.

खऱ्या बाळाला बसवताना बघायच्या गोष्टी दोनच, आणि दोन्ही मला दोन वेगळ्या बायकांनी शिकवल्या. एक आमच्या बालरोगतज्ज्ञ. हनुवटी छातीला टेकता कामा नये. हनुवटीखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, नाहीतर श्वासाची वाट दबते. मान धरेपर्यंत तोंड आपल्याकडेच. आणि मान खाली घालून ओठ टाळूला टेकले पाहिजेत इतकं बाळ उंचावर हवं. दुसऱ्या म्हणजे लेकीला न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या मावशी. मी मोठ्या ऐटीत तिला बांधून उभा राहिलो, तर त्या तेलाचे हात तसेच धरून म्हणाल्या, "दादा, पोरीचं पाय लोंबायलेत की. बुडाखाली कापड घ्या, गुडघं वर येऊ द्या बेडकावानी. आम्ही पाठीला बांधून खुरपायला जायचो, कुनाची कंबर मोडली न्हाई." नंतर खोक्यातलं चित्र बघितलं. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्या फाकलेल्या, पाय एम अक्षरासारखे. खुब्याच्या सांध्याला तेच चांगलं. मावशींनी चित्र न बघता सांगितलं होतं.

पहिली खरी सहल सारसबागेची, डिसेंबरअखेर. सकाळी साडेसातला. तळ्यातल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको, पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्याच्याकडे समदुःखी म्हणून बघितलं. आमच्याकडेही हुबेहूब तोच पोशाख, फक्त टोपऱ्याला गोंडा जास्त. हात मोकळे असल्याने चप्पल काढता आली, घंटा वाजवता आली (ती दचकली, पण रडली नाही), प्रसाद घेता आला. पायऱ्यांवर एक आजोबा थांबून म्हणाले, "हे बरंय, बाळ पोटाला आणि मोबाइल हाताला." त्यांना नमस्कार केला. मोबाइल हातात होता, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन काढलं तर तिच्या डाव्या गालावर माझ्या शर्टाच्या बटणाचा ठसा. चार भोकांसकट, अगदी स्पष्ट. बायको काही बोलली नाही, नुसती गालावरून अंगठा फिरवत बसली. तेव्हापासून कॅरियरखाली बिनबटणाचा सुती टी-शर्ट, हा आमच्याकडचा नियम.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पर्वती. पायऱ्या १०३. चढताना हे कॅरियर अक्षरशः सोनं आहे. वजन कमरेवर जातं, खांदे दुखत नाहीत, आणि ती पन्नासाव्या पायरीला झोपलीसुद्धा. वर देवदेवेश्वराचं दर्शन झालं, गावावर धुकं होतं ते बघून झालं. आणि उतरायला पहिलं पाऊल टाकलं तेव्हा कळलं की मला माझे पाय दिसत नाहीत. पोटाशी सहा किलोचं पोर, त्याखाली पायरी आहे की नाही ते अंदाजाने. पर्वतीच्या पायऱ्या लांब-रुंद, चाल मोडणाऱ्या. कठड्याला धरून, एकेक पाय जुळवत, घोडनवरीसारखा खाली आलो. मागून येणारी शाळकरी पोरं उड्या मारत पुढे गेली. हे कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत: समोर बांधलेलं बाळ घेऊन चढा खुशाल, उतरताना कोणीतरी पुढे हवं.

त्याआधी चौदा आठवड्यांची लस झाली तेव्हा एक दोष लक्षात आला होता. झोळीच्या पायाच्या भोकांना इलॅस्टिक आहे, आणि ते नेमकं टोचलेल्या जागी मांडीवर येतं. त्या रात्री ती कॅरियरमध्ये घातली की किंचाळायची. मग खांद्यावर टाकून हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल. अकरा पावलं आहेत. बारावं टाकलं की गॅसच्या शेगडीवर आपटतो. लसीच्या दिवशी हे उपकरण विसरून जा.

आणि आता ते पाठीवरचं बकल. दोन्ही हात मागे नेऊन मानेखाली ते लावायला योगासनांचा पाया पक्का हवा. माझा नाही. बायको घरात असेल तर ती लावते. नसेल तर मी पोर छातीशी धरून खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवतो, दार उघडताच त्यांच्याकडे पाठ करतो, त्या लावतात. महिनाभरात हे इतकं अंगवळणी पडलं की बोलणंही होत नाही. एकदा दार काकांनी उघडलं, आणि जावई नसलेला एक पुरुष न बोलता आपल्याला पाठ का दाखवतोय हे त्यांना समजेना. शिवाय बकल लागताना "चट्ट" असा आवाज होतो, आणि काढताना त्याहून मोठा. वीस मिनिटं फिरवून झोपवलेलं पोर त्या एका चट्टने टक्क डोळे उघडतं. फडकं दाबून काढून बघितलं, बोटांत धरून सावकाश काढून बघितलं. आवाज होतोच.

सगळ्यात मोठी परीक्षा कल्याणची. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला प्रवास बंद. नातीला तिने फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेलं. लेक चार महिन्यांची झाल्यावर सकाळची सिंहगड एक्स्प्रेस धरली. पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, जागाही मिळत नाही. जागा म्हणजे मीच. स्टेशनच्या जिन्यावर, पासवाल्यांच्या गर्दीत, एका हाताने बॅग आणि एका हाताने कठडा धरता आला. इथे कॅरियरचे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

लोणावळ्यानंतर घाट. उतारावर मोठ्यांचेही कान दडतात, बाळाला तर कळतच नाही काय होतंय. सासूबाईंनी बजावलं होतं, घाट लागला की पाजायला घ्या, गिळलं की कान मोकळे होतात. लेकीला बाहेर काढून बायकोकडे दिली, तिने ओढणी घेतली, आणि पूर्ण घाट शांततेत पार पडला. बोगदा आला की ओढणीतून डोकं काढून अंधाराकडे बघायची, उजेड आला की परत आत. कॅरियरमध्येच अंगावर पाजता येतं असं खोक्यावर चित्र आहे. बायकोचं मत जसंच्या तसं देतो: "त्या चित्रातल्या बाईला दूध येत नसणार."

कर्जतला वडापाव घेतला. तोवर लेक पुन्हा माझ्या पोटाशी, झोपलेली. खाली बघून खाता येत नाही, म्हणून मान पुढे काढून खाल्ला. कल्याणला आईने तिला मांडीवर घेतलं, टोपरं काढलं, आणि त्यातून लसणाच्या चटणीचे कण आणि चुऱ्याचा एक तुकडा खाली पडला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचं उष्टावण केलंस की काय परस्पर?" मग रडली. मग मीठ-मोहऱ्या आणायला सांगितल्या, खुर्चीत बसूनच नातीची दृष्ट काढली.

एप्रिलपासून मात्र वापर निम्म्यावर आला. कापड सुती आहे, पाठीला जाळीसुद्धा आहे, पण दोन अंगांच्या मधली ऊब कुठे जाणार? दहा मिनिटांत तिची मान आणि माझी छाती दोन्ही चिंब. मानेला मागून हात लावून बघत राहायचं, गरम आणि ओली लागली की काढायचं. आता सकाळी आठच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. हेच कॅरियर घेऊन दुचाकीवर जाणारे लोक मी बघितलेत, आणि मलाही एकदा मोह झाला होता. करू नका. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना वेगळा सेफ्टी हार्नेस हवा आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम २०२२ मध्येच निघाला आहे. हे तो हार्नेस नव्हे.

धुणं: हाताने, साध्या साबणाने. खांद्याचे पट्टे ती सारखी चोखते, ते आंबट वासाला लागतात. कमरेच्या पट्ट्यातला फोम उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात वाळतो, आत्ता जूनमध्ये अडीच दिवस आणि कुबट वास. रंग गेला नाही, शिवण कुठे उसवली नाही. काळा सोडून कुठलाही घ्या. काळ्यावर दुधाच्या गुळण्या खडूने लिहिल्यासारख्या दिसतात. आमचा काळा आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या गादीच्या सहाशे रुपयांसाठी कापला, एक पूर्ण बकलासाठी.

लेक आता आठ महिन्यांची, पावणेआठ किलो, रांगते. बकलाच्या आवाजाने अजूनही उठते, पण हल्ली रडत नाही. चट्ट झालं की असेल तिथून माझ्या पायाशी येऊन हात वर करते, कारण तिच्या मते त्याचा अर्थ आपण खाली जाणार. काल रात्री अकरा वाजता मी धुवायला म्हणून बकल सोडवत होतो. आतल्या खोलीतून हाक आली. साडेअकराला आम्ही दोघं सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होतो, आणि कॅरियर बादलीत भिजत असल्यामुळे ती माझ्या हातावर होती.